एआयने लिहिलं, एआयवर लिहिलं की एआयकडून लिहून घेतलं?

जाणकारांनी सांगा प्लीज. आजीच्या वर्षश्राद्धाला फेसबुकवर चार ओळी टाकायच्या होत्या, काही केल्या सुचेना, मग चॅटजीपीटीला आठवणी सांगितल्या आणि आलं ते जरा इकडेतिकडे करून टाकलं. खाली मावशीची कमेंट, "छान गं, तू लिहिलंस?" आता 'हो' म्हणवत नाही आणि 'नाही' म्हणावं तर आजी माझी, आठवणी माझ्या. यासाठी मराठीत नेमकं क्रियापद कुठलं?

—

'एआयने लिहिलं' म्हणा, सुटाल :) पेनने लिहिलं आणि दादाने लिहिलं, प्रत्यय एकच, पण पेन साधन आणि दादा कर्ता. एआय यातलं कोण ते ऐकणाऱ्याने ठरवावं. 'एआयवर लिहिलं' म्हणालात तर ते टाइपरायटरवर लिहिल्यासारखं, म्हणजे लिहिणाऱ्या तुम्हीच, ती मात्र थाप होईल. 'एआयकडून लिहून घेतलं' हे खरं.

—

'लिहून घेणे' मध्ये पण गोची आहे की. वर्गात बाई सांगतात ते आपण लिहून घेतो तेव्हा शब्द बाईंचे, हात आपला. वकिलाकडून अर्ज लिहून घेतो तेव्हा शब्दही त्याचे नि हातही त्याचाच.

—

यावरून ज्ञानेश्वरीच्या शेवटची ओवी आठवली, 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥' शके १२१२ म्हणजे इ.स. १२९०. इथे लेखकु म्हणजे लिहून घेणारा, ज्याला आज आपण लेखनिक म्हणतो तो. त्या हिशोबाने एआय लेखक आणि ताई ज्ञानेश्वर, पण थांबा, लेखनिकाने पदरचं घालायचं नसतं ना. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं, त्यांच्या कविता मुलाने, सोपानदेवांनी उतरवून घेतल्या, १९५२ मध्ये पुस्तक आलं, तरी कविता बहिणाबाईंच्याच. एआय उतरवून घेत नाही, पदरचंच जास्त घालतो.

—

ताईंच्या प्रश्नातच उत्तर आहे, 'म्हणवत नाही'. हा 'व' मराठीत दोन कामं करतो. 'आजोबांना आता चालवत नाही' हे शक्य क्रियापद, म्हणजे जमतं की नाही ते सांगणारं, 'आई बाळाला चालवते' हे प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेणारं. तसंच लिहवत नाही म्हणून लिहवून घेतलं, एकाच 'व' मध्ये अडचण पण आली आणि पळवाट पण. फक्त एक, 'लिहवत नाही' वेगळं आणि 'लिहायचा कंटाळा' वेगळा. पहिल्यात काहीतरी दाटून आलेलं असतं आणि माझ्या मते तेच लिहायचं असतं. असो, व्याकरण सोडून भरकटलो.

—

मूळ प्रश्नवाली. भरकटला नाहीत. आमची आजी भयंकर कडक, तिच्याकडे धपाटे दोन्ही प्रकारचे मिळायचे, ताटातले आणि पाठीतले. मी हे चॅटजीपीटीला सांगितलं होतं, त्याने त्याचं 'संस्कारांची शिदोरी' केलं आणि वर 'मायेची सावली' चिकटवली, मीही ते तसंच जाऊ दिलं.

—

'शिदोरी' वाचूनच ओळखलं असतं 😄 एक जुना शब्द देतो, दस्तुरखुद्द. हल्ली 'दस्तुरखुद्द साहेब आले' एवढ्यापुरताच उरलाय, पण मूळ अर्थ स्वतःच्या हाताने लिहिलेलं. फारसीत दस्त म्हणजे हात. कागद कारकुनाने लिहिला की खाली त्याचं नाव 'दस्तुर अमुक', स्वतः लिहिला तर 'दस्तुरखुद्द'. म्हणजे दुसऱ्याकडून लिहवून घेण्यात कमीपणा नव्हता, पण हात कोणाचा ते कागदावर यायचं. सोसायटीची नोटीस, बँकेचा अर्ज मी बिनधास्त एआयकडून घेतो. आजीवरचं नाही घेणार.

—

मावशीला सांगितलं, लिहवून घेतलं म्हणून. ती म्हणे तरीच, धपाटे कुठे दिसले नाहीत. जुनी पोस्ट काढली, आता स्वतः लिहितेय, एका तासात तीन ओळी झाल्यात आणि त्यातही ऱ्हस्वदीर्घाची बोंब आहे. खाली 'दस्तुरखुद्द' टाकू का, की फारच होईल?