शाळा बदलली की 'झालेलंच परत'? नेमकं काय झालेलं असतं?

खडू_फळा

काल सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती. 'स्टेट बोर्डातून काढून सीबीएसईत घातलं, तर सातवीत पुन्हा सरळव्याजच. सहावीत झालंय की सगळं! एवढी फी कशाला भरायची? अशा मुलांना एक इयत्ता वर बसवा, नाहीतर दोन महिने घरी ठेवून क्लास लावा.' खाली अंगठ्यांची रांग. सहावीत नेमकं काय झालं होतं, हे एकानेही विचारलं नाही. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

धड्याचं नाव तेच म्हणून गणित तेच नसतं. बालभारतीच्या सहावीत 'बँक व सरळव्याज' आहे आणि सातवीतही त्याच नावाचा धडा आहे. म्हणजे शाळा न बदलताही तो परत येतोच. सहावीत मुद्दल, दर, मुदत देतात आणि व्याज काढायला सांगतात. ५,००० रुपये, दर ८, मुदत ३ वर्षं: व्याज १,२००. सातवीत १,२०० व्याज सांगतात आणि दर विचारतात, तिथे समीकरण मांडावं लागतं. मसावि-लसाविचंही तसंच. सहावीत विभाजकांच्या याद्या करून सामाईक शोधायचा, सातवीत मूळ अवयव पाडायचे. २४ आणि ३६ ला यादी पुरते. २९९ आणि ३९१ द्या. यादी करणारं मूल पानभर खाडाखोड करतं. अवयव पाडणारं १३ × २३ आणि १७ × २३ लिहून २३ सांगून मोकळं होतं.

शाळेशी भांडायला जाण्याआधी ही दोन उलटी गणितं घरी घालून बघा. दोन्ही जमली तरच धडा झाला म्हणा.

कोथरूडची_आई

गणिताचं पटलं. पण पालक उगाच ओरडतात हा सूर पटला नाही. वेळापत्रकाचा घोळ तुम्ही धरलेलाच नाही. सीबीएसईचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, आपल्याकडे राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. एप्रिलमध्ये सातवीत बसलेलं मूल जूनमध्ये राज्य मंडळाच्या सातवीत आलं, तर सुरुवातीचे काही धडे त्याला खरोखर दुसऱ्यांदा बसावे लागतात. उलट दिशेने गेलं तर तेवढेच आठवडे बुडालेले असतात. ते भरून काढायची जबाबदारी शाळा घेत नाही, आईच्या गळ्यात पडते.

आणि कंटाळा म्हणजे लाड नव्हेत. धड्याचं नाव ऐकलं की मूल 'हे येतं' म्हणून कान मिटून घेतं. पहिले तीन-चार तास खरंच येत असतं. पाचव्या तासाला व्याज देऊन दर विचारतात, त्या दिवशी त्याचं लक्ष खिडकीबाहेर असतं. पहिल्या चाचणीत छान मार्क, सहामाहीत घसरगुंडी. मग 'नवीन शाळेत रुळला नाही' असा शेरा. रुळायचा प्रश्नच नव्हता, झालेल्या भागाने न झालेला भाग झाकला.

दिघी_कॅम्प

बदलीच्या नोकरीवाल्यांना विचारा. खरी पुनरावृत्ती गणितात नाही, इतिहासात आहे. राज्य मंडळाच्या सहावीत प्राचीन भारत होतो, मौर्य-गुप्त सगळे. तिथून सीबीएसईच्या सातवीत जा. २०२५ च्या नव्या एनसीईआरटी पुस्तकात परत मौर्य, परत गुप्त. आपल्या सातवीत शिवाजी महाराज आणि मराठी सत्ता, तिकडे मराठे आता आठवीत. म्हणजे लागोपाठ दोन वर्षं तेच.

याची उलट बाजू जास्त वाईट आहे. सीबीएसईची सातवी करून मूल इथल्या आठवीत आलं, तर थेट युरोपीय, इंग्रज आणि स्वातंत्र्यलढा. मराठ्यांचा इतिहास तिकडे यायचा होता आणि इकडे होऊन गेलेला असतो. चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तकही त्याने पाहिलेलं नसतं. पुण्यात राहून, शनिवारवाड्यासमोरून रोज बसने जाऊन, त्या मुलाला पानिपत कुठल्याच वर्गात भेटत नाही. दोनदा शिकण्यावर इतकं बोलता, एकदाही न शिकण्यावर बोला ना!

टिळकरोड_७१

अहो, सातवी-आठवी लांब राहिली. इंग्रजी माध्यमातून तिसरीत मराठी माध्यमात आलेल्या मुलाला शंभरपर्यंतचे आकडे परत पहिलीसारखे घोकावे लागतात. 'फॉर्टी सेव्हन' येतं, सत्तेचाळीस म्हटलं की ७४ लिहितं. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांत तर रोज गोंधळ. आणि यावर उपाय काय काढला? २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन'! पिढ्यानपिढ्या चालत आलेले संख्याशब्द पुस्तकातूनच ढिले केले, तर घरात कोण टिकवणार?

गणकयंत्र

@टिळकरोड_७१, तुमच्याच वाक्यात उत्तर आहे. मूल सत्तेचाळीसचे ७४ लिहितं कारण शब्दात सात आधी येतो आणि चाळीस नंतर. लिहिताना मात्र चार आधी. कानडीत वीस आधी आणि एक नंतर म्हणतात, तिथून आलेल्या मुलाची ही अडचण आणखी वाढते. 'चाळीस सात' ही त्याच्यासाठी पायरी आहे. मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांचा मुद्दा हाच होता. जोडाक्षरांची ओळख नीट झालेली नसताना 'त्र्याण्णव' आणि 'अठ्ठ्याण्णव' वाचायला लावायचं, यात गणित कुठे आहे?

टिळकरोड_७१

पायरी म्हणून आणलेली गोष्ट कायमची होऊन बसते, हे तुम्हाला कळत नाही का? बाजारात भाजीवाला 'पंचाहत्तर' म्हणतो. 'सत्तर पाच' शिकलेलं मूल त्याच्या तोंडाकडे बघत राहील. लाखो मुलं हे शब्द शिकली, कुणाचं डोकं फुटलं नाही. भाषा जड वाटते म्हणून ती कापायची असेल तर सरळ तसं सांगा.

गणकयंत्र

भाषा कापायचा आरोप मागे घ्या. जुने शब्द काढून टाका असं मी एकदाही म्हटलेलं नाही. आणि 'लाखो मुलं शिकली' यात न शिकता गळालेली कुणी मोजली?

कोथरूडची_आई

दोघेही थांबा. शाळा बदललेल्या मुलासाठी नेमकं काय करायचं ते लिहा.

गणकयंत्र

लिहितो. २१ ते ९९ एका ओळीत घोकून घेऊ नका. आधी शेवट ओळखू दे: -वीस, -तीस, -चाळीस, -पन्नास, -पन्न किंवा -वन्न, -साठ किंवा -सष्ट, -सत्तर किंवा -हत्तर, -ऐंशी, -नव्वद किंवा -ण्णव. मूल ते ऐकून दशकाचा आकडा आधी लिहील आणि एककाची जागा रिकामी ठेवील. मग सुरुवात ऐकून एकक भरेल. 'एकोण' आलं की दशक एक पायरी खाली, एकक ९. याला अपवाद ९९. तिथे एकोणशंभर नाही, नव्व्याण्णव. रोज दहाच संख्या, त्याही उलटसुलट क्रमाने सांगून लिहून घ्यायच्या. 

आणि वजाबाकीत घरच्यांनी ढवळाढवळ करू नये. ५२ वजा २७. आजोबा म्हणतात, 'बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन न् एक तीन, पाचातून तीन गेले दोन.' शाळेत एक दशक सुटा करतात, वर ४ दशक आणि १२ एकक होतात, मग चारातून दोन. दोन्हींनी २५ येतं. पण मुलाने दोन्ही एकत्र केल्या तर वरचा पाच चार होतो, खालचा दोन तीन होतो, आणि उत्तर १५. शाळा बदलल्यावर 'याला वजाबाकी येत नाही' म्हणून परत पहिल्यापासून सुरू करतात, तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

टिळकरोड_७१

शेवट ओळखायची रीत चांगली आहे, मान्य. ती खरे मराठी शब्दच शिकवते, म्हणून मान्य. पुस्तकातल्या 'वीस एक'ला माझा विरोध कायम आहे.

झेडपी_शिरूर

इतका वेळ वाचत होतो. फी आणि कंटाळा, एवढंच? मराठवाड्यातून इकडच्या कारखान्यांवर ऊसतोडीला येणाऱ्यांची मुलं बघा. जूनमध्ये गावच्या शाळेत बसतात, दिवाळीच्या सुमारास गाडीवर चढतात, गाळप संपल्यावर परततात. दर वर्षी पहिलं सत्र होतं, दुसरं कधीच होत नाही. सहावीचं गणित उघडा. कोन, पूर्णांक, अपूर्णांक पुढच्या पानांत. समीकरणं, गुणोत्तर, शेकडेवारी, नफा-तोटा सगळं मागच्या अर्ध्यात. कारखान्याजवळच्या शाळेत मूल आलं की ते कुठवर शिकलंय हे कागदावर नसतं, मग त्याला परत अपूर्णांकांच्या बेरजेला बसवतात. ती त्याला आधीच येते. शेकडेवारी त्याला कुणीच शिकवत नाही.

शिक्षण हमी कार्ड याच मुलांसाठी आहे, पण त्यावर धडा कुठवर झाला ते शिक्षकाने भरलं तरच उपयोग. आणि दाखला नाही म्हणून प्रवेश अडवणाऱ्यांनी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ वाचावं. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. कलम ४ प्रमाणे शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्ग आणि जोडीला विशेष प्रशिक्षण द्यायचं आहे, खालच्या वर्गात ढकलायचं नाही.

खडू_फळा

@झेडपी_शिरूर, हे मी धरलंच नव्हतं. इथे पुनरावृत्तीने थेट नुकसान होतं, वाद नाही. @कोथरूडची_आई, कान मिटण्याचा मुद्दाही मानावा लागेल. पण इयत्ता वर बसवायला माझा विरोध आहे तसाच आहे. वर्ष उडवलं की असे पाच-सहा अर्धे धडे एकदम उडतात.

त्याऐवजी पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना जुन्या वह्या दाखवा. दाखल्यावर फक्त इयत्ता असते, वहीत तारखांसकट सगळं असतं. ओळखीचा धडा आला की मुलाला आदल्या रात्री त्याचा शेवटचा उदाहरणसंग्रह सोडवायला बसवा, पहिला नको. शेवटून मागे यायचं. जिथे अडेल त्या गणितावर पेन्सिलीने खूण करायची आणि वर्गात ते गणित येईल त्या दिवशी कान उघडे ठेवायला सांगायचं.

कोथरूडची_आई

शेवटून मागे यायचं हे करून बघण्यासारखं आहे. पण मुलं जुन्या वह्या मे महिन्यातच रद्दीवाल्याला देतात. निदान गणिताच्या आणि इतिहासाच्या ठेवा, सगळ्यांना सांगते.