जुन्या रायफलच्या ब्लूइंगवरचे वार्निश कसे काढावे?

प्रश्न:
आजोबांच्या काळातील एक बोल्ट-ॲक्शन (हाताने बोल्ट मागे-पुढे सरकवून गोळी भरायची) रायफल माझ्याकडे आली आहे. गंज लागू नये म्हणून कोणीतरी तिच्या नळीवर पारदर्शक वार्निशसारखे काहीतरी फासले होते. ते आता पिवळे पडले असून माशीच्या (नळीच्या टोकावरील नेम धरण्याच्या खुणेच्या) मागे त्याचे पोपडे सुटू लागले आहेत. एक पोपडा नखाने उचलला, तेव्हा खाली काळसर निळे मूळ ब्लूइंग (पोलादाला गंजापासून वाचवण्यासाठी दिलेला थर) शाबूत दिसले. रॉकेलने पुसून पाहिले, पण काहीच फरक पडला नाही. ब्लूइंगला धक्का न लावता हा थर काढता येईल का?

प्रतिसाद १:
नक्कीच येईल. रॉकेलने फक्त ग्रीस आणि चिकट तेल निघते, वार्निश नाही. आधी रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, बोल्ट काढा आणि लाकडी भाग पूर्ण वेगळा करा, कारण पुढे जे वापरायचे आहे त्याने दस्त्याचे पॉलिश क्षणात विरघळेल. मग एरवी लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर तो थर असल्यास तिथे आधी स्पिरिटचा बोळा लावून पाहा. थर चिकट झाला, तर ते चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश समजावे. न झाल्यास ॲसिटोन लावून पाहावे, त्याने लॅकर सुटते. ब्लूइंग म्हणजे लोखंडाचाच काळा ऑक्साइड, मॅग्नेटाइट. स्पिरिट किंवा ॲसिटोनचा त्यावर परिणाम होत नाही. भिजवलेले सुती फडके नळीला गुंडाळून त्यावर ॲल्युमिनियम फॉइल लपेटल्यास ॲसिटोन लगेच उडून जात नाही आणि पंधरा-वीस मिनिटांत थर मऊ पडतो. कोरलेल्या अक्षरांत अडकलेले वार्निश बांबूच्या काडीने काढावे. काम उघड्यावर, हातमोजे घालून आणि आगीपासून दूरच करावे, कारण ॲसिटोनची वाफ उणे २० अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते.

प्रतिसाद २:
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. व्हिनेगर आणि फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजनाशक मात्र अजिबात वापरू नका. माझ्या एका रायफलचा ट्रिगर गार्ड (चापाभोवतीची कडी) मी गंज काढण्यासाठी व्हिनेगरमध्ये ठेवला आणि बाहेर काढला तेव्हा तो पूर्ण राखाडी झाला होता. ते ब्लूइंग परत आले नाही. ब्लूइंगचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉन जाडीचा असतो, त्यामुळे पॉलिश पेपरही नकोच. आणखी एक गोष्ट: प्रत्येक थर उपराच असतो असे नाही. ब्रिटिश नंबर ४ ली-एनफील्ड रायफलींच्या दुरुस्तीच्या वेळी फॉस्फेटच्या थरावर काळा रंग मुद्दाम दिला जात असे, आणि तो खरवडणे म्हणजे रायफलचा इतिहासच पुसणे होय. तुमचा थर पारदर्शक आहे, त्यामुळे ती शंका उरत नाही.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. स्पिरिटने काही झाले नाही, ॲसिटोनने मात्र थर साखरेच्या पाकासारखा सुटून फडक्यावर आला. पोपडे सुटलेल्या जागी ओल शिरून तांबूस ठिपके पडले आहेत. त्यांचे काय करावे?

प्रतिसाद १:
तेलात भिजवलेले चार शून्यांचे, म्हणजे सर्वांत बारीक, स्टील वूल (पोलादी तारांचा लोकरीसारखा बोळा) हलक्या हाताने फिरवून पाहा. ठिपके त्याने न गेल्यास तेल पूर्ण काढून नळी साध्या पाण्यात अर्धा तास उकळावी. तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो आणि ठिपके आसपासच्या रंगात मिसळतात. त्यानंतर नळी आतूनही कोरडी करून लगेच तेल लावा, कारण ॲसिटोनने आणि उकळण्याने पोलादावर तेलाचा अंशही उरत नाही आणि दमट हवेत रात्रीत नवा गंज धरतो.