कोल्ह्याच्या मागे काढलेली रात्र : तुमचेही अनुभव लिहा

माळावरचा
खारघरला लेकीकडे आलोय. काल रात्री दोनच्या सुमारास खाडीच्या बाजूनं कोल्हेकुई ऐकू आली. जावई म्हणाले, कुत्री आहेत. अहो, कुत्र्याचं रडणं आणि कोल्ह्याची कुई कळायला मी काय बिल्डिंगीत जन्मलो? एक जण लांबडा सूर लावतो आणि मग बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात, तसं कुत्र्याला जमत नाही. ते गप्प झाले, पण माझी झोप गेली ती गेलीच. म्हणून हे लिहितोय.

१९८६ची दिवाळी. मंगळवेढ्याच्या बाजूला आमची वस्ती. मका भरात आलेला आणि बांधाच्या कडेनं काकडीसारख्या वाळकाचे वेल. रोज सकाळी चार-दोन वाळकं फोडलेली आणि मक्याची ताटं आडवी. आजोबा म्हणाले कोल्हा आहे. मी, थोरला चुलतभाऊ, सुताराचा पोरगा आणि एक शाळेतला दोस्त, असे चौघं 'शिकारीला' निघालो. शस्त्रं म्हणाल तर एक गोफण, दोन काठ्या, तीन सेलची बॅटरी आणि मोत्या. मोत्या आमच्यापेक्षा जास्त घाबरट.

अमावास्या होऊन दोनच दिवस झालेले. बांधाआड उकिडवे बसलो. तासभर काही नाही, नुसती थंडी. सुताराच्या पोरानं खिशातनं करंजी काढली आणि तिच्या कडाकडा आवाजावरून भांडण जुंपलं. तेवढ्यात मक्यात खसफस. भावानं बॅटरी मारली तर दोन हिरवट डोळे, जमिनीपासून हातभर वर. मोत्या कसा कोण जाणे, पण धावला. आरडाओरडा, दगडांचा पाऊस, भावाची काठी बसल्याचा आवाज. जाऊन बघतो तर कोल्हा आडवा. जीभ बाहेर, पाय ताठ.

मागचे पाय धरून वस्तीवर आणायचं काम माझ्याकडे आलं. केस राठ, आणि वास असा की पुढे दोन दिवस हाताला होता. अर्ध्या वाटेत बॅटरीचा उजेड त्याच्या डोक्यावर पडला आणि मला त्याचा कान हललेला दिसला. माशी बसल्यावर गुरं हलवतात तसा, एकदाच. मी काहीच बोललो नाही. का बोललो नाही ते आजही सांगता येत नाही. फक्त हातातली पकड जरा ढिली केली.

गोठ्यासमोर टाकला, आजोबांना उठवायला सगळे आत गेलो. बाहेर आलो तर नुसती ओली माती. मोत्या तिथंच बसलेला, शेपूट हलवत! आजोबा हसून हसून खोकायला लागले. म्हणाले, "कोल्हं मारलं का त्येच्यावर बसून एक विडी वढायची. विडी संपंस्तवर हललं न्हाई, तर म्हनायचं मेलं."

हे कानाचं मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या रात्री येऊ द्यात.

घाटावरची
धाग्याचं नाव अर्धंच दिसलं, वाटलं कोल्हापूरबद्दल आहे. तांबडा-पांढरा रस्सा मनात घेऊन आले 😀

चहाबाज
कोल्हापूर आणि कोल्हा, दोन्हीकडे मटणच!

गवताळ
मस्त लिहिलंय. फक्त एक, लोक खोकड आणि कोल्हा एकच समजतात म्हणून लिहितो. तुमचा तो कोल्हाच. खोकड म्हणजे इंग्रजीतला फॉक्स, अगदी मांजराएवढं, दोन-तीन किलोचं, शेपटीचं टोक काळं. कोल्हा त्याच्या तिप्पट भरेल. गोष्टींच्या पुस्तकांनी फॉक्सचा कोल्हा करून टाकला आणि खोकड बिचारं बेवारस झालं.
सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्षी बघायला गेलो होतो तेव्हा माळढोक काही दिसला नाही, पण संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी खोकडाची तीन पिल्लं. बिळाला चार-पाच तोंडं असतात, आपण एका तोंडाशी कॅमेरा लावून बसावं तर ती दुसऱ्यातून आपल्याकडे बघत असतात. रात्र नव्हती, पण चालवून घ्या.

तळकोकण
आमच्याकडे कोलो म्हणतत. पैलो पाऊस पडलो की रातीचे मळ्यात कुर्ल्ये (खेकडे) धरूक जातंव, गॅसबत्ती आणि बालदी घेऊन. कोलो आमच्या आधी हजर! एकदा आमी चौगे जण व्हाळाच्या एका काठार आणि तो दुसऱ्या काठार. दोघांचाय काम तेच. आमका बारा गावल्ये, त्येका किती ते त्येकाच म्हायत. बालदी ठेवन विडी पेटवूक गेलंव तर बालदी आडवी. कुर्ल्ये पळाले काय कोल्यान नेले, ह्येच्यार अजून घरात वाद आसा.

सुगृहिणी_पुणे
वाळूक!!! किती वर्षांनी हा शब्द वाचला. आमची आई वाळकाच्या फोडींना तिखट-मीठ लावून उन्हात बसवायची (आम्हाला, फोडींना नाही). पुण्यात कुठे मिळतात का? बी मिळालं तरी चालेल, गच्चीत लावीन.

माळावरचा
@सुगृहिणी_पुणे बी गावाकडून आणून देतो. पण गच्चीत कोल्हा आला तर माझी जबाबदारी नाही. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण ज्यानं केली त्यानं नक्की वाळूक लावलं असणार.

शांतताप्रिय
माफ करा, पण वन्यजीव कायद्यानं कोल्ह्याची शिकार हा आज गुन्हा आहे. तुम्ही सांगताय ते १९८६चं, मान्य. गंमत म्हणून लिहिलेलं वाचून कुणी पोरं काठ्या घेऊन निघाली तर?

माळावरचा
बरोबर आहे तुमचं. तेव्हा कायदा वस्तीपर्यंत आला नव्हता, आणि आला असता तरी चौदा वर्षांच्या पोरांनी वाचला नसता. कोल्हा वाचला एवढंच समाधान.

चहाबाज
कायदा नाही वाचला, कोल्हा वाचला 👏

लहरी_लहरी
आम्ही दरवर्षी फॉक्स हंट करतो आणि एकाही प्राण्याला धक्का लागत नाही 😎 हॅम रेडिओवाले, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवाले आहोत. आमचा 'कोल्हा' म्हणजे झुडपात लपवलेला काडेपेटीएवढा ट्रान्समीटर, १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास थांबून थांबून पिपाण्या मारणारा. हातात यागी अँटेना (सिग्नलची दिशा दाखवणारी), तीही घरी केलेली, पीव्हीसीचा पाइप आणि सुताराच्या स्टीलच्या टेपचे तुकडे. टेप का, तर झाडाझुडपात अडकली तरी वाकते आणि परत सरळ होते. जिकडे सिग्नल जोरात तिकडे चालायचं.
लांबून सोपं असतं, जवळ गेल्यावर खरी मजा. सिग्नल एवढा जोरात येतो की सगळीकडून सारखाच वाटतो. मग अँटेना काढायची, हँडसेट छातीशी धरायचा आणि गोल गोल फिरायचं. आपलंच अंग आड येतं, पाठ कोल्ह्याकडे झाली की आवाज पडतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं अंगात आलंय.
एकदा पुण्यात तळजाईच्या टेकडीवर रात्री आम्ही पाच जण असे फिरत होतो आणि रखवालदार आला. "काय चाललंय?" आमच्यातला एक प्रामाणिकपणे म्हणाला, "काका, कोल्हा शोधतोय." काकांनी आम्हाला नीट वरपासून खालपर्यंत बघितलं. "इथं मोर हायेत. कोल्हं पायजे तर दिवसा या, हापिसात विचारा." दीड तासानं सापडला. काका बसले होते त्याच बाकाच्या खाली चिकटवलेला.

घाटावरची
😂😂 काकांच्या खाली!!

टेम्सकाठ
इकडे इंग्लंडात घोड्यावर बसून कुत्र्यांचा ताफा सोडून कोल्हे (बरं, खोकडाचे मोठे भाऊ) मारायची जुनी प्रथा. २००४ला कायदा झाला, २००५च्या फेब्रुवारीपासून बंदी. भारतात आले तेव्हाही साहेबांना सवय सुटेना, उटीला इंग्लंडच्या जातीची कुत्री आणून कोल्ह्यांच्या मागे घोडे दौडवायचे.
आता लंडनमध्ये कोल्हे उलट माणसांच्या मागे. माझ्या दारातून एक बूट नेला. एकच. दुसरा मी अजून ठेवलाय, का ते विचारू नका. सौ. रोज विचारते.

आजीची_नात
कोणी 'भालू' ऐकली आहे का? आमची आजी म्हणायची, एकटी म्हातारी कोल्ही वेगळ्याच आवाजात ओरडते, ती भालू. ती ओरडली की गावात कुणीतरी जाणार. ओरडली की आजी अंथरुणात उठून बसायची आणि गावातल्या सगळ्या आजाऱ्यांची नावं बोटांवर मोजायची. आम्हा पोरांना भालूपेक्षा त्या मोजण्याची भीती. एकदा मोजताना तिनं स्वतःचंही नाव घेतलं होतं.
कुकर झाला, येते.

तळकोकण
@आजीची_नात आमच्याकडेय म्हणतत. आंगार काटो इलो.

थोरला_मंगळवेढा
नमस्कार. पोरानं हा धागा दाखवला. मी तो चुलतभाऊ. चष्मा लावून दोनदा वाचलं.
पहिली गोष्ट, काठी मारली तेव्हा बॅटरी माझ्या हातात नव्हती. तुझ्याकडे दिली होती. दुसरी गोष्ट, तू ती पळताना पाडलीस आणि काच फुटली. शेवटपर्यंत घरच्या मोठ्यांना सांगितलं नाहीस, मार मी खाल्ला. तिसरी, करंजी सुताराच्या पोरानं नाही, तू खाल्लीस.
आणि कान हलला होता तर तेव्हा का नाही बोललास रे?

माळावरचा
दादा! तुम्ही इथे?? फोन करतो.

थोरला_मंगळवेढा
फोन नको, मी आता मोटर चालू करायला चाललोय, लाईट रात्रीचीच असते. इथंच लिही. सगळ्यांना वाचू दे.

चहाबाज
*खुर्ची ओढून बसतो*

माळावरचा
बॅटरीचं खरं आहे. करंजीचं खोटं.

थोरला_मंगळवेढा
करंजीचंही खरं आहे. दिवाळीला ये. येताना तीन सेलची बॅटरी घेऊन ये, काच धड असलेली. मक्यात अजून येतंय एक.

सुगृहिणी_पुणे
दादा, येताना त्यांच्याकडे वाळकाचं बी द्याल का प्लीज