जुन्या गोव्याची चर्चं नीट पाहायची आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे. दिवाळीनंतर गोव्याला जातोय. सोबत आई (गुडघे दुखतात, पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त) आणि आर्किटेक्चर शिकणारा भाचा. समुद्रकिनारे राहिले तरी चालतील, पण बॉम जेझसचं बॅसिलिका आणि से कॅथेड्रल घाईत उरकायचं नाही.

भाच्याने डोकं खाल्लंय. बॅसिलिकाचं काम १५९४ ला सुरू झालं, १६०५ मध्ये पूर्ण. बाहेरचा जांभा दगड आज उघडा दिसतो, कारण गिलावा गेल्या शतकात काढून टाकला. त्याला दर्शनी भागावरचे खांब मजल्यागणिक कसे बदलतात ते बघायचंय. मला मात्र सेंट झेवियरचे अवशेष ठेवलेली चांदीची पेटी बघायची आहे. ती गोव्यातल्याच कारागिरांनी घडवली म्हणतात. खालचा संगमरवरी चौथरा थेट फ्लॉरेन्सहून आलेला! से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधलाच नाही. ते एकांगी रूपच मला फोटोत जास्त आवडतं.

आता विचारायचं म्हणजे, दर्शनी भागावर ऊन सकाळी चांगलं पडतं की दुपारनंतर? मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) चालू असताना पाहुण्यांना आत मागे बसू देतात का? पायऱ्या किती, व्हीलचेअर जाते का? दगड-कमानींबद्दल मराठीत किंवा हिंदीत नीट सांगणारा गाइड मिळेल का? नुसत्या चमत्कारांच्या गोष्टी नकोत.

आणि आईला त्याच दिवशी मंगेशीही करायचंय. जमेल का?