१:१००० च्या यानावर काळ्या रेघा नकोत

शाहूपुरीकर, सातारा:
गेल्या रविवारी आम्ही चौघे आपापली प्लास्टिकच्या किटची मॉडेलं घेऊन बसलो होतो. स्टार ट्रेकच्या मूळ मालिकेतलं एंटरप्राइज हे अंतराळयान तिघांनी केलं होतं, आणि तिघांच्याही यानाच्या बशीवर (पुढच्या गोल चपट्या भागावर) पॅनल लाइनच्या, म्हणजे पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या, काळ्याभोर रेघा. काम स्वच्छ होतं, शिवण कुठे दिसत नव्हती. तरीही यान खेळण्यासारखं वाटत होतं. घरी येऊन हिशोब मांडला.

यानाची लांबी २८९ मीटर धरतात. १:१००० मध्ये, म्हणजे हजारपट लहान मापात, ती होते २८.९ सेंमी, शाळेच्या पट्टीहून जरा कमी. ०.३ मिमी टोकाच्या पेनाने ओढलेली रेघ त्या मापात ३० सेंमी रुंद होते. म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फूटभर फट! तेच पेन १:१४४ च्या गनप्लावर (गंडम मालिकेतल्या रोबोटांच्या प्लास्टिक किटवर) फिरवलं तर फट सव्वाचार सेंमीची, ती खपून जाते. गनप्लावर हात बसलेली मंडळी तीच सवय या यानांवर आणतात, घोटाळा तिथेच होतो.

शिवाय मॉडेल आपण फूटभरावरून बघतो, म्हणजे खरं यान ३०० मीटरवरून. राजवाड्यापासून अजिंक्यताऱ्याकडे बघा. तट दिसतो, दगडांमधल्या सांधी दिसतात का? एवढ्या लहान मापात काळा रंग हातात घेऊच नये. मूळ रंगाहून एक छटा गडद राखाडी, तीही मोजक्या जागी, बास.

कृष्णाकाठ, सांगली:
दादा, गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष पटला नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते आमच्या गावात, म्हणून दाखला नाटकाचाच देतो. विंगेत उभं राहून नटाचा चेहरा बघा, भुवया कोळशाने ओढल्यासारख्या वाटतात. शेवटच्या रांगेतून तोच चेहरा बोलका होतो.

माझं यान कपाटात आहे, ट्यूबलाइटखाली. एवढ्याशा प्लास्टिकवर मोठ्या यानासारख्या सावल्या पडत नाहीत. खाच सपाट दिसते, यान साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत वाटतं. रेघ म्हणजे त्या न पडलेल्या सावलीची भरपाई. दिवाळीत पोरं किल्ला करतात तेव्हा मावळा दरवाजापेक्षा उंच असतो. हिशोबाने करायचा म्हटलं तर तो तांदळाच्या दाण्याएवढा होईल आणि कुणालाच दिसणार नाही.

शाहूपुरीकर, सातारा:
मावळा मोठा केला की किल्ला लहान होतो, माझं म्हणणं तेवढंच आहे. किल्ल्यावर ते चालतं, कारण तिथे मावळ्यांची गोष्ट सांगायची असते. यानाशेजारी ना माणूस, ना झाड. ते किती अवाढव्य आहे हे सांगायला बारीक कामाशिवाय दुसरं काही नाही. रेघ जाड झाली की यान लहान झालंच.

तंतुवाद्य, मिरज:
तुम्ही दोघेही खरं यान होतं असं धरून चाललाय. खरं होतं ते मालिकेच्या चित्रीकरणासाठी १९६४ साली बांधलेलं ११ फुटी मॉडेल. आज ते वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे. त्याच्या बशीवर पेन्सिलीच्या फिक्या रेघा होत्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डागडुजी झाली तेव्हा रेघा फार ठळक काढल्या म्हणून चाहते नाराज झाले. २०१६ च्या जीर्णोद्धारात ते दुरुस्त केलं. म्हणजे हा वाद खुद्द अस्सल मॉडेलवरही होऊन गेलाय.

आपलं किट त्या मॉडेलच्या साधारण बाराव्या हिश्श्याचं. तिथली अर्ध्या मिमीची रेघ इथे ०.०४ मिमी, केसाहून बारीक. ती काढताच येणार नाही. मी २एच पेन्सिल पॉलिश पेपरवर घासून टोकदार करतो, मॅट रंगावर हलकी ओढतो आणि बोटाने एकदा पुसतो. तिरक्या उजेडात दिसते, समोरून नाहीशी होते. मला तेवढंच हवं असतं.

कराडची ताई:
मला शाहूपुरीकरदादांचा आग्रह जड वाटतो. माझ्या मुलाने पहिलं गनप्ला किट जोडलं तेव्हा नुसतं पांढरं प्लास्टिक होतं. वॉश, म्हणजे पातळ केलेला गडद रंग, खाचेत आपोआप धावला आणि तो ओरडला, "आई, हे खरं झालं!" त्याला तेव्हा छटा समजावत बसले असते तर त्याने दुसरं किट उघडलंच नसतं.

आम्हाला फटका बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. उघड्या प्लास्टिकवर इनॅमलचा वॉश भरपूर ओतला. दाबून बसवलेल्या खांद्याच्या सांध्यात थिनर मुरला आणि रात्रीतून सांधा तडकला. आता आधी ग्लॉस वार्निशचा हात, पूर्ण वाळू द्यायचा, मगच वॉश, आणि तो ब्रशच्या टोकावर मावेल एवढाच. पावसाळ्यात तर वार्निश मारतच नाही, दमट हवेत मॅट दुधासारखं पांढरं पडतं.

शाहूपुरीकर, सातारा:
ताई, मुलाचं बरोबर आहे. पहिल्या किटवर त्याने हवं ते करावं, माझा शब्द मागे. पण दहा-दहा किटं केलेल्यांनी पेन उचलण्याआधी पट्टी उचलावी, यावर मी ठाम आहे.

कृष्णाकाठ, सांगली:
मग करून बघू. एक किट कोरं पडलंय. बशीच्या डाव्या अर्ध्यावर मिरजकरांची पेन्सिल, उजव्यावर माझं पेन. पुढच्या रविवारी साताऱ्याला घेऊन येतो. पण बघायचं ते कपाटात ठेवून, ट्यूबलाइटखाली.

शाहूपुरीकर, सातारा:
या. कपाटात बघू आणि खिडकीतही बघू.