लकवा झालेल्यांसाठी खंजिरी, भजन आणि रंगकाम : ग्रामपंचायतीने पैसा द्यावा का?

आर्वीची लेक

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं, जिल्हा वर्धा. गेल्या ग्रामसभेत दोन मागण्या समोरासमोर आल्या. भजनी मंडळ म्हणालं, लकवा झालेल्यांना आठवड्यातून दोनदा प्रार्थना मंदिरात आणू. खंजिरीच्या ठेक्यावर चालवू, त्यांच्याकडून गाऊन घेऊ, बचत गटाच्या बाया रंगकाम घेतील. खुर्च्या अन् साहित्यापुरते पैसे द्या. दुसरा गट म्हणाला, तोच पैसा वर्ध्याजवळच्या सावंगीच्या रुग्णालयात फिजिओथेरपीसाठी नेणाऱ्या गाडीला लावा. ठराव पुढच्या सभेवर गेला.

मी भजनी मंडळाच्या बाजूने आहे, आणि श्रद्धेपोटी नाही. ठेक्यावर चालण्याचा सराव ही तपासलेली पद्धत आहे. मायकेल थॉट यांच्या गटाने 1997 मध्ये दाखवलं की अर्धांगवायूच्या रुग्णांनी ठरावीक तालावर चालण्याचा सराव केला तर चालीचा वेग आणि पावलाची लांबी नुसत्या सरावापेक्षा जास्त सुधारते. कान आणि हालचाल यांचं मेंदूत जवळचं नातं आहे. पुढचा ठोका कधी पडणार हे कळलं की पाय त्या वेळेला उचलायची तयारी आधीच होते. फिनलंडमध्ये हेलसिंकीला 60 रुग्णांवर अभ्यास झाला, 2008 मध्ये छापून आला. दोन महिने रोज आपल्या आवडीचं संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि लक्ष हे ध्वनिपुस्तकं ऐकणाऱ्यांपेक्षा आणि काहीच न ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलं. उदासीही कमी राहिली.

वर्धा नदी ओलांडली की तुकडोजी महाराजांची मोझरी. आमच्याकडे खंजिरी धरता येणारा माणूस शोधावा लागत नाही, फिजिओ मात्र गावात एकही नाही. जे हाताशी आहे ते का वापरू नये?

व्यायाम आधी

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि खेड्यांतले रुग्ण रोज बघते. मी गाडीच्या बाजूने आहे.

हेलसिंकीचे रुग्ण नेहमीचे उपचार घेतच होते, संगीत त्यावर जास्तीचं होतं. आपल्याकडे मूळचे उपचारच नाहीत. 2017 चा कॉक्रेन आढावा (जगभरचे अभ्यास एकत्र तपासणारा) बघा : मेंदूला इजा झालेल्यांवरचे संगीताचे 29 अभ्यास, सगळे मिळून 775 रुग्ण. चालण्यासाठी तालाचा उपयोग होऊ शकतो असं म्हटलंय, पण बहुतेक पुरावा कच्चा असल्याचंही स्पष्ट लिहिलंय. रंगकामाचा पुरावा तर त्याहून तोकडा.

आणि "घरच्यांनी, गावाने करून घ्यावं" हा प्रयोग भारतात झालेला आहे. 14 रुग्णालयं, 1250 रुग्ण, घरच्यांना शिकवून व्यायाम करून घ्यायचा. 2017 मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनंतर परावलंबी राहिलेल्यांच्या प्रमाणात काही फरक पडलेला नव्हता.

मला सगळ्यात जास्त भीती खांद्याची वाटते. लुळ्या बाजूचा खांदा सैल असतो. माणसाला खुर्चीतून उठवताना मायेने तोच हात धरून ओढतात, सांधा खाली सरकतो, आणि मग दुखण्यामुळे तो कुणाला हात लावू देत नाही. मंदिरात पाच जण उत्साहाने "उठा बाबा" म्हणून हात ओढतील, तेव्हा ते थांबवणार कोण?

खंजिरीवाला

मॅडम, तुमचं खांद्याचं पटलं. पण मी जे पाह्यलं ते सांगतो. आमच्या बाले लकवा मारला तवा वाचा गेली. मले पाहून तोंड हलवे, शब्द निंघत नाई, मंग रडे. माहं नावबी घेता ये नाई. अन् एका संध्याकाळी ओसरीवर आमी भजनाले बसलो, त आमच्या मागं बा गाऊन राह्यला ना! शब्द सारे सरके. मायच्या हातातलं ताट तसंच राह्यलं.

तवापासून तो मानसात येऊन बसे. पयले भिंतीकडं तोंड करून पडला राहे. तुमच्या कागदात याले काय म्हंतात ते मले ठाऊक नाई, पण घरातलं मानूस घरात वापस आलं, हे मी डोयानं पाह्यलं. अन् सावंगीले न्यायचं म्हंता, त कापूस येचाच्या दिवसात बायाबापे सारेच वावरात. गाडी दारात उभी राह्यली तरी सोबत कोन जाईन?

व्यायाम आधी

भाऊ, तुमचे बाबा गायले यात मला नवल वाटत नाही. डाव्या मेंदूला मार बसून बोलणं गेलेली कित्येक माणसं पाठ असलेलं भजन सरळ म्हणतात, आकडे मोजतात, शिवीही स्पष्ट देतात. पण ते भजन संपल्यावर त्यांना पाणी मागता आलं का? खरी अडचण इथे आहे. गाण्यातून बोलण्याकडे नेण्याची पद्धत बॉस्टनच्या तज्ज्ञांनी 1973 मध्ये मांडली. त्यात "पाणी दे", "पाय दुखतो" अशी रोजची वाक्यं दोनच सुरांत घोळवून म्हणायची, डाव्या हाताने प्रत्येक अक्षराला टिचकी द्यायची, आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. नुसतं भजन कितीही वेळा म्हटलं तरी ते होत नाही.

शिवाय भजनाची लय चढत जाते. शेवटाला खंजिरी अशी धावते की धडधाकट माणूसही झुलतो. त्या ठेक्यावर लुळा पाय टाकायला लावला तर बाबा पडतील.

धानोरा रस्ता

मी गडचिरोलीकडचा. तुम्ही दोघी लकव्यातून जीव वाचलेल्या माणसांवर बोलत आहात. आमच्या जिल्ह्यात 'सर्च' संस्थेने 86 गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं. सातातला साधारण एक मृत्यू. त्यातले बहुतेक घरीच दगावले. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं, आणि आमच्याकडे तेवढ्या वेळात माणूस सीटी स्कॅनपर्यंत पोचत नाही.

लकवा म्हटला की आजही कबुतराचं रक्त चोळतात. उद्या "भजनाने लकवा बरा होतो" अशी आवई उठली की बीपीची गोळी बंद करायला आणखी एक निमित्त मिळेल. मी ठरावाच्या विरोधात आहे. पैसा असेल तर आशाताईला बीपीचं यंत्र द्या.

ठिपक्यांची रांगोळी

सगळे बाबांवरच बोलताय. बायांचं काय? आमच्याकडे लकवा झालेला पुरुष निदान ओसरीवर बसतो, बाईला आतल्या खोलीत ठेवतात. तिला गाडीत घालून सावंगीला नेणारं घर मला अजून दिसायचं आहे. मंदिर गावातच आहे, सून धरून आणू शकते. माझ्यासाठी एवढं कारण पुरे आहे.

आणि रंगकामाला तोकडं म्हणताना रांगोळीकडे बघा. चिमूट धरायची, अंगठा आणि तर्जनी सारखी सैल-घट्ट करत रेघ सोडायची. हाताला नेमकं हेच परत शिकायचं असतं ना? तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी नंदी रंगवायला द्या. शिंगाला रंग लावताना दुसऱ्या हाताने नंदी धरावाच लागतो, म्हणजे लुळा हातही कामाला लागतो. व्यायाम म्हणून चिकणमातीचा गोळा दाबून कंटाळलेली बाई नातवाचा नंदी अर्धवट टाकणार नाही.

आर्वीची लेक

धानोरावाले दादा, बीपीच्या गोळीबद्दल काहीच वाद नाही. उलट मंदिरात आलेल्या प्रत्येकाचं बीपी आधी मोजायचं, गोळी घेतली का विचारायचं, असं ठरावात लिहू. आज ते विचारायला त्या घरांत कोणी जातच नाही.

फिजिओताई, ठेका चढतो हा मुद्दा मोलाचा. मग ठेका धरणाऱ्याला एकाच लयीत राहायला शिकवावं लागेल : आधी माणसाची पावलं मिनिटाला किती पडतात ते मोजायचं, ठेका तेवढाच ठेवायचा आणि जमलं तर जरासा वाढवायचा. त्यासाठी तुमच्यासारखं कोणी महिन्यातून एकदा यायला हवं. त्या 1250 रुग्णांच्या अभ्यासाचा अर्थ मात्र मी वेगळा लावते. तिथे सगळा भार एकेका घरावर होता. घर थकतं, वेचणीला जातं. मंडळ दर आठवड्याला जमतंच, लकवा असो नसो.

व्यायाम आधी

तुमचा अर्थ बरोबर असेलही, पण तो अजून कुणी तपासलेला नाही. आणि पहिल्या तीन महिन्यांत, जेव्हा सुधारणा सगळ्यात वेगाने होते, तेव्हा मी कुणाच्याही बाबांना अंदाजावर सोडणार नाही. त्या तीन महिन्यांपुरती तरी गाडी हवीच. नंतर मंदिर चालेल. तेव्हाही लुळा हात ओढून कोणी उठवायचं नाही, चालताना लुळ्या बाजूला एक माणूस पाहिजे आणि भजनाच्या शेवटचा द्रुत ठेका सगळे बसल्यावरच.

खंजिरीवाले भाऊ, बाबांसाठी "पाणी दे" आजपासून सुरू करा. त्यांच्यासमोर बसा, ओठ दिसू द्या, दोन सुरांत म्हणा, त्यांचा डावा हात तुमच्या हातात धरून मांडीवर ठेका द्या. पाणी समोर ठेवा आणि शब्दाचा निम्मा भाग जरी आला तरी लगेच द्या.