मदत हवी आहे : १८६५० सेलच्या टॉर्चसाठी मॉस्फेट कोणता?

नमस्कार मंडळी. साधं सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर एवढ्यावर एका १८६५० लिथियम सेलची टॉर्च बनवतोय. सेलला थेट डाग देणार नाही, होल्डरच वापरणार. उष्णतेने आतला सेपरेटर (दोन इलेक्ट्रोड वेगळे ठेवणारा पातळ पडदा) बिघडून शॉर्ट होण्याची भीती असते आणि तिथे मला अजिबात धोका पत्करायचा नाही. चार्जिंगला संरक्षण सर्किटवालं टीपी४०५६ मॉड्यूल घेतलंय.

अडलंय ते स्विचपाशी. एलईडी २ अँपिअर ओढते, तेवढं छोट्या स्लाइड स्विचला झेपणार नाही. मॉस्फेट (स्विचसारखा वापरता येणारा ट्रान्झिस्टर) लावावा म्हणतो, पण भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो, उतरलेला जेमतेम ३. इतक्या कमी गेट व्होल्टेजवर (गेट म्हणजे मॉस्फेट चालू-बंद करणारं टोक) पूर्ण चालू होणारा एन-चॅनल मॉस्फेट कोणता घेऊ? गेटला पुल-डाऊन (स्विच बंद असताना गेट शून्य व्होल्टवर ठेवणारा रेझिस्टर) किती ओहमचा? फ्यूज सेलच्या पॉझिटिव्ह टोकालगतच ना?